पानातले दूध, दुधातले पान

लेट्यूसचा गड्डा बुडाशी आडवा कापला, की कापलेल्या चकतीवर क्षणभर काहीच दिसत नाही. मग देठांच्या कडेकडेने, सुईने टोचल्यासारखे, पांढरे बारीक थेंब उमटू लागतात. नळ सोडण्याआधी हे थेंब आपण नीट पाहून घ्यावेत. बोटाला लागले तर ते किंचित चिकटतात, जिभेला लावले तर कडवट लागतात, आणि हवेत थोडा वेळ राहिले की त्यांची जागा तांबूस पडते. रोमन लोकांनी या भाजीचे नाव या थेंबांवरूनच ठेवले. लॅटिनमध्ये दूध म्हणजे ‘लॅक’, म्हणून ही ‘लॅक्टुका’, दुधाळ. फ्रेंचमध्ये दुधाला ‘ले’ म्हणतात आणि लेट्यूसला ‘लेतू’, आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ती आजही ‘लॅक्टुका सॅटिव्हा’ म्हणूनच नांदते. आपल्या मराठीने मात्र याहून सुंदर गोष्ट करून ठेवली आहे. रुईचे पान मोडल्यावर गळतो तो चीक, आणि गाय व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत धारेला येतो, ज्याचा आपण खरवस करतो, तोही चीकच. झाडाच्या शिरांतून वाहणारे आणि जनावराच्या सडांतून झरणारे, दोन्ही या भाषेने एकाच शब्दात साठवले. हा शब्द मनाशी घेऊन आपण आज एका ताटलीजवळ बसणार आहोत. तिच्यात एका बाजूला कोवळ्या हिरव्या पानांचा सैल ढीग आहे आणि त्याला टेकून शेळीच्या दुधाच्या चीजची एक गरम, खरपूस कवचाची चकती आहे.

ही ताटली बर्कलीची. कॅलिफोर्नियातल्या या विद्यापीठाच्या गावात, शॅटक ॲव्हेन्यूवरच्या एका जुन्या घरात, २८ ऑगस्ट १९७१ रोजी ‘शे पानीस’ नावाचे उपाहारगृह सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या ॲलिस वॉटर्स तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या. १९६५ साली विद्यार्थिनी म्हणून त्या फ्रान्सला गेल्या, आणि बाजारातून सकाळी आणलेली भाजी दुपारी पानात येते हे तिथले साधे सुख त्यांच्या मनात कायमचे घर करून राहिले. मधल्या काळात त्यांनी मॉन्टेसरी पद्धतीचे शिक्षण घेऊन लहान मुलांना शिकवले होते. मला या तपशिलाचे मोल फार वाटते. हाताळण्यातून, हुंगण्यातून, निरखण्यातून मूल जग ओळखते असे मानणारी ती पद्धत, आणि या ताटलीतही डोळे, नाक, बोटे आणि कान जिभेच्या आधी कामाला लागतात. उपाहारगृहाचे नाव त्यांनी मार्सेल पान्योलच्या चित्रपटत्रयीतल्या पानीस या पात्रावरून घेतले. १९८० मध्ये वरच्या मजल्यावर लाकडाच्या भट्टीचा कॅफे सुरू झाला. बागेतली पाने आणि भाजलेले शेळीचे चीज हा पदार्थ त्या घराची ओळख होऊन बसला.

आधी पानांकडे वळू. फ्रान्सच्या दक्षिणेला, नीसच्या आसपास, कोवळ्या पानांच्या मिश्रणाला ‘मेस्क्लँ’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थही मिसळणे एवढाच आहे. त्यात दोन-तीन जातींची लेट्यूस असतात, रॉकेटची दातेरी पाने असतात, कुरळी कडू चिकोरी असते, बडीशेपेच्या वळणाने जाणाऱ्या सुवासाची चर्व्हिल असते, आणि कधी कधी, हे वाचताना मी थबकले होते, पर्सलेन असते. पर्सलेन म्हणजे आपली घोळ. पावसाळ्यात बांधावर आपोआप पसरणारी, तांबड्या देठाची, गुबगुबीत आंबूस पानांची घोळ आपण डाळ घालून शिजवतो, आणि तिकडे तिचे शेंडे कच्चेच तेल-शिरक्यात बुडतात. ॲलिस वॉटर्स यांनी नीसहून या मिश्रणाचे बी आणले आणि बर्कलीत आपल्या घरामागच्या अंगणात पेरले. त्या काळी अमेरिकेत सॅलड म्हणजे बहुतेक ठिकाणी आइसबर्ग लेट्यूसचा घट्ट, फिकट, पाणचट गड्डा. दूरदूरच्या प्रवासात न कोमेजणे हाच त्याचा मोठा गुण. अशा वेळी बोटभर लांबीची, सकाळी खुडलेली, दुपारपर्यंतही जेमतेम टिकणारी पाने कोणीतरी ताटलीत ठेवली, हे मला धाडसाचेच वाटते. जे टिकत नाही ते वाढायचे, तर ते वेळेवर खुडावे लागते, वेळेवर धुवावे लागते आणि वेळेवर खावे लागते. त्या ढिगातल्या प्रत्येक पानावर त्या दिवसाची तारीख असते.

एकेक पान उचलून पाहा. बटर लेट्यूसचे पान तळहातावर ठेवले तर बाळाच्या कानाच्या पाळीसारखे लुसलुशीत लागते. त्याची चव जवळजवळ गोड, पण इतकी हळुवार की शेजारी दुसरे काही असल्याशिवाय ती कळतही नाही. ओकच्या पानासारखे कातरलेले दुसरे लेट्यूस टोकाशी लालसर होत जाते, आणि त्या लालीत किंचित तुरटपणा असतो. रॉकेट मोहरीच्या कुळातले आहे. चावताना आधी हिरवे, मग नाकात चढणारे तिखट, मोहरी फेसताना येते तसेच. आणि चिकोरी कडू, उघड कडू. या कडूपणाजवळ आपण थोडे थांबू. आपल्या जेवणात कडू येते ते बहुधा शिजून, गूळ-चिंचेशी समेट करून, कारल्यासारखे; किंवा पाडव्याला कडुनिंबाच्या कोवळ्या पानांसारखे, वर्षातून एकदा, विधी म्हणून. कच्च्या मेथीचा घोळाणा मात्र याच्या फार जवळचा. मेथीची कोवळी पाने, कांदा, दाण्याचे कूट, मीठ आणि वरून कच्चे तेल. भाकरीबरोबर तो खाताना कडूपणा दाण्याच्या स्निग्धपणाला हात धरून चालतो. चिकोरीही अशीच कोणाचा तरी हात शोधत असते, आणि तो हात कोणाचा हे आपल्याला लवकरच दिसेल.

पाने धुण्याचीही एक रीत आहे आणि ती वाटते तेवढी क्षुल्लक नाही. मोठ्या पातेल्यात गार पाणी घेऊन त्यात पाने मोकळी सोडावीत, दहा-पंधरा मिनिटे. माती तळाशी बसते हे तर झालेच, पण त्या वेळात प्रत्येक पेशी पाणी पिऊन तट्ट फुगते. बाजारातून येताना मान टाकलेले पान पुन्हा ताठ होते. कुरकुरीतपणा म्हणजे या पाण्याने भरलेल्या पेशींचे दाताखाली फुटणे. मग मात्र तेच पाणी बाहेरून पूर्ण टिपून घ्यावे लागते, कारण तेल ओल्या पानावर बसत नाही. माझ्या हातून पहिल्यांदा हेच चुकले होते. घाईत पाने नुसती झटकली आणि वर तेल-शिरका ओतला. ताटलीत पाने कोरीच्या कोरी, आणि तळाशी एक पांचट आंबट डबके. आता मी जुने धुतलेले मलमलीचे पंचे ओट्यावर पसरते, त्यावर पाने एका थरात मांडते, पंचा सैल गुंडाळते आणि ती वळकटी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. उलगडते तेव्हा पंचाला पानांचा हिरवा, ओल्या मातीच्या जवळ जाणारा वास लागलेला असतो, आणि पाने कोरडी, थंड, टवटवीत.

तेल-शिरक्याच्या मिश्रणाला फ्रेंचांचे नाव ‘व्हिनेग्रेत’. त्याचे प्रमाण शिरक्याच्या एका भागाला तेलाचे तीन भाग असे सांगतात. चव घेऊन ते मागे-पुढे करावे. पण क्रम मात्र पाळावाच. मीठ आधी शिरक्यात घालायचे, कारण मीठ तेलात विरघळत नाही. आधी तेल घातले तर मिठाचे कण तसेच राहून पानांत कुठेतरी कचकन दाताखाली येतात. शिरक्यात बारीक चिरलेला एखादा सांबार कांदा दहा मिनिटे मुरू द्यावा. त्याचा उग्रपणा मावळतो आणि शिरका हलका गुलाबी होतो. मग ऑलिव्ह तेलाची बारीक धार, एका हाताने ओतत, दुसऱ्या हाताने फेटत. चमचाभर मोहरीची पेस्ट घातली असेल तर तेल आणि आंबट पाणी ही दोन जन्मजात अनोळखी द्रव्ये तेवढ्या वेळेपुरती एकजीव होतात आणि मिश्रण दाटसर, धूसर पिवळे होते.

सॅलड या शब्दाच्या मुळाशी मीठच आहे. लॅटिन ‘साल’ म्हणजे मीठ, म्हणून खारवलेली भाजी ती सॅलड. आणि मिठाविषयी आपल्या घरातल्या बायकांना एक गोष्ट कोणी शिकवल्याशिवाय ठाऊक असते: काकडीच्या कोशिंबिरीत मीठ पानावर बसताना घालायचे, आधी घातले तर पाणी सुटते. इथेही तसेच, फक्त इथे मिठाच्या जोडीला तेलावरही लक्ष ठेवावे लागते. आपल्याला वाटते पाने आंबटाने कोमेजतात, पण पानाला जन्मतःच मेणाचे एक पातळ आवरण असते. शिरक्याचे थेंब त्यावरून घरंगळतात, आणि तेल मात्र स्निग्धाशी स्निग्ध जुळवून त्यात झिरपते. तेल लागलेले पान काही मिनिटांत काळपट आणि मलूल होऊ लागते. म्हणून तेल-शिरका सगळ्यात शेवटी, ताटली हातात घ्यायच्या क्षणी. आणि पाने हातानेच कालवावीत. बोटे पसरून, खालून वर, भात मोकळा करतो तशी. चमच्याला जे कळत नाही ते बोटांना कळते: एखादे पान कोरडे राहिले आहे का, तेल जास्त झाले का. पान चमकले पाहिजे, निथळता कामा नये.

आता त्या चकतीकडे.

शेळीच्या दुधाचे ताजे चीज पहिल्यांदा घरी आणले तेव्हा सासूबाईंनी बोटाने त्याचा कण घेतला, जिभेवर ठेवला, आणि म्हणाल्या, “अगं, हा तर चक्का! जरा उग्र आहे इतकेच.” मी त्यांच्याकडे पाहतच राहिले, कारण त्यांनी एका घासात सगळी प्रक्रिया ओळखली होती. हे चीज बनते ते बहुतांशी दह्याच्या वाटेने. दूध विरजतात, त्यात रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे विकर, घालतात ते नावापुरते, आणि साधारण एक दिवसभर ते संथपणे आंबत, थिजत राहते. मग ते मऊ दही भोकांच्या छोट्या साच्यांत डावाने अलगद भरतात आणि निथळू देतात. कापडात टांगलेल्या चक्क्याचीच ही सख्खी बहीण. फ्रान्समध्ये लवार नदीच्या खोऱ्यात अशा चीजचे अनेक आकार नांदतात: राख फासलेला, माथा छाटलेल्या पिरॅमिडसारखा व्हालाँसे, पोटातून राय धान्याच्या काडीचा कणा गेलेला सँत-मोर, आणि सान्सेर गावाजवळच्या शाव्हिन्योल या खेड्याचा क्रोताँ, तळहातात मावणारा, बुटका. १९७६ पासून क्रोताँच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. जुन्या काळी मातीच्या छोट्या दिव्याला तिकडे ‘क्रो’ म्हणत, त्यावरून हे नाव आले असे सांगतात. चीजची ती चकती पणतीएवढी, पणतीच्याच घडणीची. फ्रेंच घरांत आणि खानावळींत हाच क्रोताँ पावाच्या कापावर ठेवून भाजतात आणि पानांवर वाढतात. बर्कलीच्या ताटलीचे माहेर हेच.

पण कॅलिफोर्नियात क्रोताँ आणायचा कुठून? सोनोमा परगण्यात लॉरा शनेल नावाची एक तरुणी शेळ्या पाळत होती. दूध भरपूर, त्याचे करायचे काय हा प्रश्न. १९७९ साली ती फ्रान्सला गेली, तिथल्या शेतकरी कुटुंबांकडे राहून दह्यापासून चीजपर्यंतचे सगळे हातकाम शिकली आणि परत येऊन आपल्या शेळ्यांच्या दुधाचे चीज करू लागली. शे पानीसने ते घेतले आणि घेतच राहिले. एक बाई बी घेऊन आली, दुसरी हातातली कला घेऊन आली, आणि दोघींच्या आणलेल्याची गाठ एका ताटलीत पडली. मराठीत आपण म्हणतो कष्टांचे चीज झाले. हा वाक्प्रचार इतक्या शब्दशः खरा झालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

सासूबाईंना जाणवला तो उग्रपणा आपण नाकारू नये, कारण तोच या चीजचा स्वभाव आहे. शेळीच्या दुधातल्या स्निग्धांशात तीन आम्ले असतात आणि त्यांची नावे आहेत कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक. लॅटिनमध्ये शेळीला ‘काप्रा’ म्हणतात; रसायनशास्त्रज्ञांनी वास घेतला आणि नावातच शेळी बांधून ठेवली. ताज्या चीजमध्ये हा वास दूरवरून येतो, ओल्या कुरणाच्या कडेने कळप गेल्यावर मागे राहतो तेवढाच. आणि रंग पाहा. गाईच्या दुधात हळदीच्या बोटाएवढी पिवळी छटा असते. हे चीज मात्र चुन्यासारखे शुभ्र. त्याचे कारण फार मोहक आहे. पानांच्या हिरव्याखाली कॅरोटीन नावाचा एक पिवळा रंग लपलेला असतो. गाय पाने खाते, आणि त्या पिवळ्यातला काही अंश तिच्या दुधात उतरतो. शेळी तो सगळाच ‘अ’ जीवनसत्त्वात बदलून टाकते, त्याचा मागमूस ठेवत नाही. शेळी ही तर झुडपांच्या शेंड्यांची रसिक. जमिनीवरचे गवत सोडून ती मागच्या पायांवर उभी राहून सर्वांत कोवळे पान ओरबाडते. म्हणजे ताटलीत एका बाजूला पान जसेच्या तसे आहे, आणि दुसऱ्या बाजूला तेच पान शेळीच्या देहातून जाऊन, रंग हरवून, दूध होऊन आले आहे. थंडी सरताना शेळ्या व्यातात, वसंतात त्यांच्या दुधाला बहर येतो, आणि त्याच वसंतात बागेतली लेट्यूस सर्वांत कोवळी असतात. ही गाठ स्वयंपाकघरात पडण्याआधी ऋतूत पडलेली असते.

अर्धा इंच जाडीच्या चकत्या कापून त्या ऑलिव्ह तेलात थाइमच्या काड्यांसह बुडवून ठेवायच्या, काही तास तरी, रात्रभर ठेवल्या तर अधिकच चांगले. मग तेलाने माखलेली चकती पावाच्या बारीक चुऱ्यात घोळवायची. घोळवणे हे क्रियापद आपल्या कोकण-गोव्याच्या घरांतले. बांगडा-सुरमईच्या तुकड्या रव्यात घोळवताना जो हलका हात लागतो, दाबायचे नाही पण एकही कोपरा उघडा राहू द्यायचा नाही, तोच हात इथे लागतो. चकती मऊ असते, बोटांच्या उबेने कडा ढासळतात, म्हणून घोळवल्यावर ती पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून चांगली गार करायची. ओव्हन मात्र आधीपासून तापलेला हवा, सुमारे २०० अंश सेल्सिअसवर. सहा-सात मिनिटे, फार नाही. पहिल्या दोन मिनिटांत काहीच घडत नाही. मग तेलाची बारीक कुजबुज ऐकू येते. मग थाइमचा वास, आणि त्याच्या मागोमाग भाजलेल्या पावाचा तो वास, ज्यासाठी मराठीत खमंग हा एकच शब्द पुरतो. चुऱ्याचा रंग आधी वाळूसारखा, मग गव्हासारखा, मग तूप कढवताना तळाशी बसणाऱ्या बेरीसारखा. बेरीचा रंग येताच ताट बाहेर काढावे, आणखी एका मिनिटाचा मोह टाळावा.

मला सर्वांत अधिक आश्चर्य वाटते ते इथे. एवढ्या आचेत चीज वाहून का जात नाही? पिझ्झावरचे चीज वितळते, तार धरते. ही चकती नुसती किंचित फुगते, कडेने एखादा बुडबुडा येतो, आणि आपला आकार सोडत नाही. याचे उत्तर पुन्हा त्या आंबटपणात आहे. दुधातल्या प्रथिनांना एकमेकांशी बांधणारे दुवे कॅल्शियमचे असतात. रेनेटने गोड दूध गोठवले तर ते दुवे राहतात, आणि उष्णता मिळाली की ती सगळी वीण सैल होऊन वाहू लागते. दही लागताना मात्र आंबटपणा ते कॅल्शियम विरघळवून नेतो, प्रथिने थेट एकमेकांना धरून बसतात, आणि आच लागली की वाहण्याऐवजी आणखी घट्ट धरतात. म्हणूनच आपले पनीर मटाराच्या रश्श्यात उकळले तरी तुकड्याचा तुकडाच राहते. दिवसभर सावकाश आंबत बसलेल्या त्या दुधाने हा संयम कमावलेला आहे. बाहेरच्या कवचाला भाजण्याची पूर्ण आच मिळते, आणि आतले शुभ्र मऊपण नुसते उबदार होऊन थांबते.

खरपूस हा शब्द आपण किती वेळा सहज वापरतो! भाकरीचा पापुद्रा खरपूस, थालीपिठाची कड खरपूस, भाताची तळाशी लागलेली खरपुडी. त्या शब्दात आवाज आहे, रंग आहे, आणि जळण्याच्या एक पाऊल अलीकडे थांबल्याचे समाधान आहे. या चकतीचे कवच खरपूस असते ते फार तर दोन मिलिमीटर. सुरीचे पाते त्यावर टेकवले की आधी एक बारीक ‘कर्र’ ऐकू येते, पाते क्षणभर अडते, आणि मग एकदम आत बुडते, विरोध नाहीच, साईतून जावे तसे. आतले चीज कडेशी पातळ साय झालेले, मध्यावर अजून जरा भरभरीत आणि जेमतेम कोमट. एका चकतीत तीन पोत.

ती चकती पानांवर ठेवावी की पानांशेजारी, यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझे मत शेजारी असे आहे. पानांच्या ढिगाला टेकून, पण त्याच्या डोक्यावर नव्हे. वर ठेवली तर खालची पाने वाफेने मान टाकतात आणि कवचालाही खालून ओल चढते. शेजारी ठेवली तर जिथे दोन्ही भेटतात तेवढीच दोन-तीन पाने उबेने हलकीशी लवतात आणि बाकीची ताठ राहतात. आपल्याकडे काकडीच्या थंड कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची तडतडती फोडणी पडते तेव्हाही असाच एक क्षण येतो. वरचा थर दचकतो, खालचा थंडच असतो, आणि पहिला घास त्या सीमेवरून घेतला तर तो सर्वांत रुचकर.

इथेही सुरुवात सीमेवरून करू. काट्यावर आधी चिकोरीचे कुरळे पान घ्या, मग त्यावर कवचासह चीजचा छोटा तुकडा. आता कळते कडूपणा कोणाचा हात शोधत होता ते. चीजचा स्निग्धपणा जिभेवर पसरतो आणि चिकोरीचा कडूपणा त्याच्या आडून येतो, बोचत नाही, नुसता दूरवरून ऐकू येतो. चीज आंबट आहे, शिरकाही आंबट आहे, पण एकाचा आंबटपणा दह्याचा, गोलसर, आणि दुसऱ्याचा द्राक्षाचा, टोकदार. ते एकमेकांना झाकत नाहीत. मग रॉकेटबरोबर एक घास. तिखट नाकात चढू पाहते आणि कोमट दूध त्याला खाली उतरवते. मग बटर लेट्यूसबरोबर, आणि इथे विरोध काहीच उरत नाही. मऊ पान, मऊ चीज, मध्ये फक्त चुऱ्याची एक खरपूस रेघ. गरम आणि गार यांतले अंतर प्रत्येक घासागणिक कमी होत जाते, म्हणून ही ताटली गप्पा मारत रेंगाळून खाण्याची नव्हे. दहा मिनिटांत ती आपली उत्तम अवस्था ओलांडून जाते, आणि त्या दहा मिनिटांत तिच्याकडे पूर्ण लक्ष द्यावे एवढीच तिची अपेक्षा असते.

परवा पाने संपली तेव्हा सासूबाईंनी ताटली आपल्याकडे ओढून किंचित तिरकी केली. तळाशी तेल, शिरका आणि चीजची विरघळलेली कड मिळून एक पांढुरका ओघळ कडेला जमला होता. देठाच्या चकतीवर सकाळी चीक उमटला होता, जवळजवळ त्याच रंगाचा. त्यांनी पावाचा शेवटचा तुकडा मोडला, अर्धा माझ्यापुढे केला, आणि आम्ही दोघींनी तो ओघळ दोन बाजूंनी पुसून घेतला.